दर जुलैला नवा रंग

प्रिय ब्रिटा,

ग्वातेमालाहून येऊन आज नऊ दिवस झाले आणि माझी बॅग अजून जिन्याखाली तशीच पडली आहे. तुझे बाबा रोज तिला वळसा घालून जातात. काल म्हणाले, "आर्लिस, त्या बॅगेला आता जेवायला वाढावं लागेल." मला हसू आलं नाही. हसायलाही अंगात त्राण लागतं गं. गुडघे असे धरलेत की चर्चच्या तळघराचा जिना मी हल्ली उलटी होऊन उतरते, शिडी उतरावी तशी. एकसष्ट वर्षांची बाई, चर्चच्या सेवादौऱ्याची ही तेरावी खेप, चौदा माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक आणि वर शाळेची भिंत रंगवायची. लष्कराच्या भाकऱ्या, दुसरं काय! पण खरा शीण अंगाचा नाही. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मला चर्चमध्ये उभं राहून दौऱ्याचा वृत्तान्त सांगायचा आहे, आणि काय सांगायचं या विचाराने जीव मेटाकुटीला आलाय. तीच जागा, तोच माइक. तुला वेगळं सांगायला नको.

अकरा वर्षं झाली. तू सतराची होतीस, आपल्या सगळ्यांसारखाच पिवळा टी-शर्ट घालून उभी होतीस, मागे पडद्यावर ताज्या रंगवलेल्या शाळेचा फोटो. सगळ्या मुलांनी सांगितलं, ते लोक किती गरीब पण किती आनंदी. आणि तू म्हणालीस, "जुलैत सुट्टी आपल्याला असते, त्यांना नाही. त्यांची शाळा चालू असते. आपल्याला रंगवायला मिळावं म्हणून ते आठवडाभर वर्ग बंद ठेवतात." एवढंच बोललीस आणि खाली बसलीस. नंतर कॉफी ओतताना चर्चमधली मार्डेल मला म्हणाली, "तुझी लेक वेगळंच बोलली हो." आपल्याकडे 'वेगळंच' म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. तिने मला चार लोकांत शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी त्या दौऱ्याची प्रमुख, पैसे गोळा करायला गावभर हिंडलेली, आणि माझ्याच पोटच्या पोरीने माझं नाक कापलं, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी तुला पुन्हा त्याच माइकपुढे उभी केली. हातातल्या कार्डावरून तू माफी वाचलीस, एकदाही वर न बघता. त्यानंतर तू चर्चमध्ये आली नाहीस आणि शिकायला गेलीस ती, खरं सांगायचं तर, घरीही परत आली नाहीस. नाताळला फोन करतेस. तुझ्या डुलूथमध्ये किती बर्फ पडला, आमच्याकडे किती, आणि तेवढ्यात काहीतरी निमित्त निघून फोन बाबांकडे जातो. अकरा वर्षं आपण मायलेकी हवामानावर बोलतोय, ब्रिटा. कंटाळले गं मी बर्फाला.

इकडचं सगळं बरं आहे. बाबांचे टोमॅटो या वर्षी उदंड आलेत, शेजारीपाजारी आम्हाला बघून दार लावून घेतात. पास्टर क्वाम वसंतात निवृत्त होतायत. पुढच्या वर्षीच्या दौऱ्याची यादी तळघराच्या दाराशी लागलीसुद्धा, पहिलं नाव माझंच, कुणीतरी मला न विचारताच लिहिलेलं. पेन तिथेच दोरीला बांधलेलं आहे. मी तीनदा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि परत आले. खोडलं तर कारण सांगावं लागेल.

तर या वर्षी काय झालं ते ऐक. भिंतीला फुगे आले होते, नवा रंग धरेना. म्हणून पहिल्यांदाच आम्हाला जुना रंग खरवडावा लागला. पत्र्याची पट्टी घातली आणि हातभर लांब खपली निघाली, कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर. मी बसून बघत राहिले. गेल्या वर्षीचा हिरवा, त्याआधीचा निळा, सगळे माझे ओळखीचे. पण मध्ये मध्ये भलतेच रंग! एक गुलाबी, एक भडक जांभळा, ते काही आमचे नव्हेत. हर्मिनिया बीन्स निवडत बसली होती. शाळेत मुलांचं जेवण करते ती, बारा वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलंय. तिला विचारलं, हा जांभळा कुणाचा? ती म्हणाली, "तो मार्चवाल्यांचा. तुमच्यासारखंच दुसरं चर्च येतं, मार्चमध्ये. ते तुमचा रंग झाकतात, तुम्ही त्यांचा." आणि अशी खळखळून हसली म्हणतेस! मग म्हणाली, "आमची पोरं भिंत बघून सांगतात, आता शाळा कधी बंद पडणार." मी म्हटलं, अगं बाई, बारा वर्षांत बोलली का नाहीस? तिने बीन्समधला खडा काढून फेकला. "तू विचारलंस कधी? इतक्या लांबून येता, घरदार सोडून, घामाघूम होता. दारात आलेल्या पाहुण्याला काय सांगायचं, की परत जा?" तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिनेच तुझी आठवण काढली. "ती लाल केसांची मुलगी कुठे असते? जिने ब्रश ठेवून दिला होता ती?" मला तो दिवस लख्ख आठवला. तू दुपारभर गायब होतीस आणि मी सगळ्यांदेखत तुला कामचुकार म्हटलं होतं. हर्मिनिया सांगत होती, तू कुंपणापलीकडच्या अवोकाडोच्या झाडाखाली बसून पोरांचा वर्ग घेत होतीस. वर्ग बंद होता ना, आमच्यामुळे. तुला त्यांची भाषा धड येत नव्हती, म्हणून खडे मांडून बेरजा शिकवत होतीस. "माझा धाकटा तिथे हातच्याची बेरीज शिकला," म्हणाली. "इतक्या वर्षांत तुमच्यातल्या एकीनेच आम्हाला काय हवं ते बघितलं, आणि तिला तुम्ही परत आणली नाही." मी तिला म्हटलं, ती माझी मुलगी. हर्मिनियाने माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि समोर कॉफी ठेवली.

पाकिटात रंगाची एक खपली आहे, टाकून देऊ नकोस. खालून तिसरा थर बघ, जर्दाळूच्या रंगाचा. तो तुझ्या वर्षीचा.

आणि सोबत एक कार्ड आहे. माझ्या स्वयंपाकघरातलं, पाककृती लिहायचं, कोपऱ्यात गव्हाची ओंबी असलेलं. ओळखलंस ना? अकरा वर्षांपूर्वी मी तसल्याच कार्डावर तुझी माफी लिहिली होती, माझ्या अक्षरात, आणि 'अस्सं वाच' म्हणून तुझ्या हातात कोंबली होती. त्यातला एक शब्दही तुझा नव्हता. या वेळच्या कार्डावर मी माझी माफी लिहिली आहे, शेवटच्या रविवारी वाचायला. आमच्या रंगकामासाठी शाळा बंद ठेवावी लागते हे तू सांगितलंस ते खरं होतं, मी तुला खोटं पाडलं, आणि पुढच्या वर्षी मी जाणार नाही, असं त्यात आहे. पण मला लिहिता येत नाही, पोरी. चारदा फाडलं. सारखी मीच मध्ये येते, माझे गुडघे, माझे कष्ट. तू आता तिसरीच्या मुलांचे निबंध तपासतेस म्हणे, बाबांकडून कळलं. त्या वेळी तुझं मी लिहिलं होतं. या वेळी माझं तू तपासून दे. लाल पेनाने हवं तेवढं खोड, मला राग येणार नाही. पोस्टाने पाठवलंस तरी चालेल. पण हातात आणून दिलंस तर बॅग जिन्याखालून काढते, तुला तिच्यावरून उडी मारून यावं लागायला नको.

चुकलेली, तरी तुझीच,
आई