दारावरचा वाचक

ती. आईस, साष्टांग नमस्कार.

टीव्हीवर दाखवतात तेवढं काही झालेलं नाही. घर सोडून जाणाऱ्या बाईची कथा मी कन्नडमध्ये लिहिली. निवडणूक तोंडावर आली तशी पुढाऱ्यांना त्यात संस्कृती बुडताना दिसली. जाळले ते कथा छापलेल्या मासिकाचे अंक, मला नव्हे. इथे आमच्या विजयनगर भागात सगळं शांत आहे.

माझ्या रक्षणाला दारात पोलीस बसवलाय, शिवण्णा. मला फाटकाबाहेर सोडत नाही, भाजीही तोच आणतो. वांगी मेली रोज किडकी! तुझा गुडघा कसा आहे?

काल कंटाळून त्याने ती कथा वाचायला मागितली. आज चहाचा कप परत देताना हळूच म्हणाला, "अम्मा, ती बाई घरातून निघून गेली, बरं केलं."

मला फार बरं वाटलं. मग त्याने रोजच्यासारखं फाटकाला बाहेरून कुलूप लावलं.

काळजी करू नकोस.

तुझी,
वसू