थंडगार दालनातल्या गोधड्या

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींचा खोकला कसा आहे? आम्ही दोघं ठणठणीत आहोत (मला जरा सर्दी झाली आहे, पण ती कष्टाने कमावलेली आहे, ते पुढे येईलच).

तुझ्या भावजयीच्या गोधड्या कुठे विकायच्या हे ठरवण्याचं खातं माझ्याकडे आहे, हे तू जाणतेसच. जागा निवडताना मी एकच गोष्ट बघतो: पाऊल ठेवताच माझा आ वासला पाहिजे. म्हणून पहिल्यांदा आम्ही एका सोनाराच्या दुकानाबाहेर बसलो (काय ते दार, उघडायला दोन माणसं लागतात). सोनं घेतलेला माणूस पिशवी छातीशी धरून थेट गाडी गाठतो, इकडेतिकडे बघत नाही, हे मला तिथे कळलं. दुसऱ्यांदा पोहण्याच्या तलावावरचा मेळावा गाठला. निळंशार पाणी, पांढऱ्याशुभ्र छत्र्या. मी तासभर नुसता बघत राहिलो. त्या रणरणत्या उन्हात एकानेच गोधडीला हात लावला, तोही पाय पुसायला. घरी आल्यावर ही शांतपणे म्हणाली, "आता एकच जागा. तिथेही नाही खपल्या, तर सुईदोरा कायमचा बंद." ताई, ही चिडून बोलते तेव्हा मी घाबरत नाही. शांतपणे बोलली की माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तिसरी जागा म्हणजे हस्तकलेच्या प्रदर्शनाचं दालन. छत इतकं उंच, की वर बघताना माझा चष्मा कपाळावर गेला. फरशीत आपलं तोंड दिसतं. आत शिरताच अंगावर काटा आला, मला वाटलं भारावल्यामुळे आला असावा. तो थंडीचा होता. गार हवेचं यंत्र बिघडून अडकलं होतं आणि दालनाचा व्यवस्थापक कोट घालूनही कुडकुडत होता.

शेजारी मातीची भांडी विकणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांचे ओठ निळे पडलेले पाहून हिने न विचारता एक गोधडी त्यांच्या खांद्यांवर टाकली. मग मेणबत्तीवाल्याच्या, मग टोपल्या विणणाऱ्या जोडप्याच्या. मी डोळ्यांनी खुणा करत होतो, की अगं, विकायचा माल आहे तो. ही म्हणाली, "थंडी वाजतेय त्यांना, दिसत नाही का?" दुपारपर्यंत आमचं टेबल रिकामं, आणि दालनभर हिच्या गोधड्या हिंडतायत, गप्पा मारतायत, चहा पितायत. ताई, तेव्हा मी छताकडे बघायचं विसरलो. पंचवीस वर्षं ही खिडकीशी बसून टाके घालते आणि मी समोर पेपर वाचतो. ते टाके इतके देखणे आहेत हे मला परक्या लोकांच्या पाठीवर दिसलं. मी खरोखर अवाक झालो. गिऱ्हाइकंही गारठलेलीच होती. ती भांडी सोडून भांडीवाल्या बाईंनी काय पांघरलंय ते विचारू लागली. संध्याकाळी एकही गोधडी परत आली नाही, सगळ्या विकल्या गेल्या, वर आणखी एकवीस गोधड्यांची मागणी आली.

तेव्हा सगळं उत्तम आहे. काळजी नसावी. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सगळं उत्तम आहे असं वर लिहिलं, त्यात एक गोधडी धरलेली नाही. गठ्ठ्यातली सगळ्यात खालची मी मोठ्या ऐटीत व्यवस्थापकाला पांघरली. ती विकायची नव्हती. उसवलेली शिवण घालायला तू पाठवलेली, आईच्या कपड्यांच्या तुकड्यांची ती गोधडी. गठ्ठा बांधताना मी नीट बघितलं नाही. तो आता म्हणतो, दुप्पट पैसे देतो, पण परत देणार नाही. अशी ऊब जन्मात मिळाली नव्हती.

पुन्हा ता. क. हिने सुईदोरा पेटीत टाकून कुलूप लावलं आहे. आईची गोधडी घरी येईपर्यंत टाका घालणार नाही म्हणते, आणि हे ती शांतपणे म्हणाली. मी दोनदा दालनात त्या व्यवस्थापकाकडे जाऊन आलो, दोन्ही वेळा चहा पाजून त्याने मला परत पाठवलं. तेव्हा तूच ये. मला काय बोलायचं ते नंतर बोल. येताना स्वेटर मात्र आणू नकोस. यंत्र अजून बिघडलेलंच आहे, आणि तू समोर कुडकुडताना दिसलीस तर तो आपणहून आईची गोधडी काढून तुझ्या खांद्यांवर टाकेल, असा हिला विश्वास आहे.