झग्याचं माप

३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

प्रदर्शनाचे बाराही फोटो छापून आले. जुन्या चित्रांतल्या गोऱ्या राण्या नि सरदारांच्या जागी आपल्यासारखी सावळी माणसं बसवायची, या खुळापायी वर्ष गेलं. आता अंगात त्राण नाही. सगळ्यात सुरेख तुम्हा दोघी बहिणींचा आलाय: आई खुर्चीत राणी, मागे तबक घेऊन तू दासी. मखमली झगा तू शिवलास, हे भेटेल त्याला सांगते. आईला मात्र तो इतका ढगळ झाला, की पाठीला टाचण्या लावाव्या लागल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझं माप चुकलं म्हणून ती अजून हसतेय.

गुडघे कसे आहेत? उद्घाटनाला यायचंच. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बुटकी

९ मार्च

चि. बुटकीस,
अ. आ.

गुडघे तसेच. मशीनवर बसून आता पाठही कुरकुरते.

माप चुकलं नव्हतं गं. राणीचा झगा शिवायला सांगितलास, मलाही फोटोत घेणार म्हणालीस, नि मी वेडी स्वतःच्या मापानं शिवून बसले. हातात तबक दिलंस तेव्हा कळलं. तुझी आई उजळ, मी काळी. शाळेच्या नाटकातही ती राजकन्या नि मी पडदा ओढायला. त्याची सवय झाली होती. पण तू हेच पुसायला निघाली होतीस, म्हणून लागलं. तीन तास उभी होते, एकदाही बस म्हणाली नाहीस.

उद्घाटनाला येणार नाही. रागावून नव्हे, दमले आहे. आईला यातलं काही सांगू नकोस, ती रडत बसेल. वेळेवर जेवत जा.

तुझी,
मावशी

१४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रंग बघून मी कुणाला कुठे बसवलं नाही, अशी दोन दिवस स्वतःची समजूत घालत होते. मग स्टुडिओत सगळे फोटो जमिनीवर मांडले. सरदार झालाय तो धाकटा काका, त्याचा घोडा धरून थोरला. बाराच्या बारा फोटोंत तेच. मधोमध आपल्यातलं सगळ्यात उजळ माणूस, कडेला सगळ्यात काळं. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच केलं.

प्रदर्शन थांबवायला कळवलंय. तुझं न ऐकता आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं म्हणाली, फक्त खुर्ची सोडवत नव्हती.

तुला आता बस म्हणायला मला तोंड नाही. लोभ उरला असेल तेवढा असू दे.

बुटकी