सदतीस माणसं आमच्या आधी

शुक्र. १९ डिसें. येळवस (वेळ अमावस्या, शेतात जेवायचा सण).
यंदा येळवशीची भज्जी शेतात नाही, दवाखान्यात खाल्ली. तीही दुसऱ्यांची.

स. ११ ला बांध ओलांडताना ही पडली. डोक्यावर आंबिलानं भरलेलं बिंदगं. त्याला वाचवायला गेली आणि उजव्या हातावर आली. बिंदगं शाबूत, मनगट सुजलं. "आधी पांडवांना निवद दावा, मग बघू," म्हणाली. कडब्याच्या कोपीतल्या पाच दगडांना दावला. मग शेजाऱ्याच्या जीपनं निघालो.

मोठ्या दवाखान्यात दु. १२.४०. अपघात विभागाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. सवयीनं डोकी मोजली. बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, खच्चून भरलेल्या गाडीत माझा आकडा कधी चुकला नाही. सदतीस. म्हणजे आपला नंबर अडतिसावा. हिला भिंतीकडेला बसवलं. सगळ्यात मागच्या माणसाला "तुमच्यामागं आम्ही" म्हणून सांगून ठेवलं. तो बरं म्हणाला. केसपेपर काढून खिशात ठेवला, नंबर आला की द्यायचा.

सिस्टर एकदा बाहेर आल्या. "आजी, लई दुखतंय का?" ही म्हणाली, "न्हाय, लई न्हाय." सिस्टर गेल्या.

३ वाजले तरी रांग हलेना. उलट त्या लोकांनी टोपल्या सोडल्या. पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. एका बाईनं आम्हालाही वाढलं. "घ्या की, सणाचा दिस हाय." खाता खाता विचारलं, तुमच्यात पेशंट कोण?
"आमचे आण्णा. शेतात मोहोळ उठलं, माशा डसल्या. आत हायती."
"आणि बाकीचे?"
"बाकी आमी समदे आण्णाचेच."

सदतीसच्या सदतीस. कोपीत जेवायला बसलेली पंगत तशीच टेम्पोत बसून आलेली. आमच्या आधी कुणीच नव्हतं. अडीच तास मी कुणाच्याही मागं उभा नव्हतो.

केसपेपर दिला, दहा मिनिटांत आत. हाताचा फोटो काढला. डॉ. पोरगीच आहे, आमच्या लेकीएवढी, सविताएवढी. हाड मोडून जरा सरकलंय. सूज फार चढली म्हणून आज अर्धं प्लास्टर, बुधवारी पक्कं. "कधी पडल्या?" अकराला म्हटलं. तिनं घड्याळाकडं बघितलं आणि कागदावर वेळ लिहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

हिनं एकच विचारलं, "भाकर थापता येईल का?" डॉ. म्हणाली, प्लास्टर निघाल्यावर बघू.

शनि. २०
भाकरी केली. पहिलीच. ही खाटेवर बसून सांगत होती, मी थापत होतो. तव्यावर टाकेपर्यंत तिचे तीन तुकडे. "वासराला घाला," म्हणाली. वासरानं हुंगून सोडली.

दुसऱ्याच्या हातची भाकरी हिच्या घशाखाली उतरत नाही. लग्नातसुद्धा नुसता भात खाऊन येते. आजही भातच. मी माझे तुकडे दुधात कुस्करून खाल्ले.

रवि. २१
सविताचा सोलापूरहून फोन. सगळं सांगितलं, सदतीसचंही. हसली. मग म्हणाली, "आप्पा, तिथं कुणी तिकीट फाडत नसतंय. जाऊन सांगायचं असतंय." बरोबर आहे तिचं. वेळेवर सांगितलं असतं तर सूज एवढी चढली नसती. दिवसभर तेच डोक्यात.

बुध. २४
पक्कं प्लास्टर. खोली त्याच व्हरांड्यात. आज एकोणीस डोकी.

या खेपेला बसलो नाही. गाडीत मारायचो तसा आवाज दिला, "पेशंट कोण कोण, हात वर करा." पाच हात. एकानं दोन्ही वर केले, तो पेशंटचा मेव्हणा निघाला. त्याला बाहेर अंगणातल्या लिंबाखाली पाठवला. बाकीच्यांनाही, पेशंटजवळ एकेक ठेवून. एक म्हातारा धापा टाकत होता, कोपऱ्यात. त्याचे लोक नंबर धरून शांत बसलेले, माझ्यासारखेच. त्याला धरून थेट सिस्टरकडं नेला. लगेच आत घेतला.

सिस्टर म्हणाल्या, "मामा, रोज येत जावा." चेष्टेत म्हणाल्या असतील. मला फार बरं वाटलं.

ही परत येताना म्हणाली, "घरात कधी भाजी निवडली न्हाय, तिथं माणसं निवडायलाव."

रवि. २८
दुपारी अंगणात हिची वेणी घालत होतो. (जमते आता. सैल होते.) विचारलंच शेवटी, त्या दिवशी एवढं दुखत असून सिस्टरला नाही का म्हणालीस?

हिनं डाव्या हातानं वेणी चाचपली. मग, "तुमी डोकी मोजत हुता. बोट हलत हुतं तुमचं. रिटायर झाल्यापासनं तुमाला असं कशात बघितलं नव्हतं. म्हटलं, मोजू द्यावं."

वाईट वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, आनंदही झाला. चाळीस वर्षांत या बाईनं मला किती वेळा असं मोजू दिलं असेल कुणास ठाऊक.

बुध. ७ जाने.
प्लास्टर तपासणी. ठीक. हिला घेऊन परत यायचं तर ही म्हणाली, थांबा की तासभर, लोक लई हायती. थांबलो, पेशंट निवडून दिले. ती लिंबाखाली नातेवाइकांत बसली आणि कुणाचं कोण लागतं ते काढत राहिली. त्या माशा डसलेल्या आण्णांची सूनही तिथं भेटली; तिची मावशी अणदूरला हिच्या माहेरच्या घराशेजारी राहते, असं निघालं. दोन तास झाले.

मंगळ. १३, भोगी.
बाजरीची भाकरी, तीळ लावून. शेजारणीनं चार दिल्या. हिनं एक तुकडा मोडला, कौतुक केलं, बाकी माझ्या ताटात. पाठोपाठ माझी एक भाकरी कधी नव्हे ती अखंड निघाली. दाखवली. "बरी हाय," म्हणाली. खाल्ली नाही.

बुध. ४ फेब्रु.
प्लास्टर काढलं. हात केवढासा झालाय. मूठ अर्धीच मिटते, मनगट वळत नाही. 

आत जायच्या आधी सिस्टरनी नेहमीचं विचारलं, दुखतंय का. मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "दुखतंय. लई दुखतंय. आधी बघा." सिस्टर माझ्याकडं बघून हसल्या.

डॉ.: हाड जुळलंय, थोडं तिरकं. पूर्वीसारखं वळेल का, आताच सांगता येत नाही. उशिरामुळं का, विचारलं. म्हणाली, तसं नक्की नाही सांगता येत, आप्पा. रोज पीठ मळायचं, हाच व्यायाम. दोन महिन्यांनी या.

गुरु. ५
ज्वारीचं पीठ. मळलं हिनं, दोन्ही हातांनी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. पण मळलं. थापली मी. तव्यावर टाकून पाणी फिरवलं आणि बघत उभा राहिलो. कडा सुटल्या. मला वाटलं अजून वेळ आहे.

"अवो, करपतीया की. इथंबी नंबर लावून उभारलाव व्हय? उलथा तिला."

उलथली. एका बाजूनं काळी. हिनं तीच आपल्या ताटात घेतली.