समोरच्या घरापर्यंतचा प्रवास

अण्णा, गेल्या महिन्यात येलहंक्याच्या घरातून पुन्हा एकदा प्रस्थान ठेवलं गेलं. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आदल्या दिवशी चांगली वेळ बघायची, सुपारी, हळकुंड आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून शेजारी नेऊन ठेवायचे, म्हणजे आपण निघालोच असं देवाने धरून चालायचं. दुसऱ्या दिवशी ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं, ही तुमची पद्धत. देव धरून चालत असेलही, आपण मात्र कधी पुढे गेलो नाही. गाठोडं समोरच्या अक्कांकडे पोचलं की तुम्हाला आभाळ भरून आलेलं दिसायचं, नाहीतर बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तुमच्यावाचून अडेल असं वाटू लागायचं. आईला तुम्ही बेट दाखवायचं कबूल केलं होतंत. चहूकडून पाणी असलेली जागा तिला एकदा बघायची होती. तिची बॅग भरली जायची, रिकामी व्हायची, आणि अक्का आठवड्याभराने गाठोडं परत आणून द्यायच्या. त्यातले तांदूळ आई निमूटपणे भातात टाकायची. आपल्या घराण्याने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे समोरच्या घरापर्यंतचा.

या वर्षी तिचे गुडघे अगदीच कुरकुरायला लागले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, पण पुढे बोटीची चढ-उतार जमेल असं समजू नका. आता नाही तर कधीच नाही, हे तिलाही कळलं आणि मलाही. मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात बसल्या बसल्या तिकिटं काढली. इथून विमानाने थायलंडमधलं क्राबी, आणि तिथून फेरीबोटीने बेटावर. आईने पंचांग उघडलं. शुक्रवारी अमावास्या निघाली. गुरुवारी गाठोडं अक्कांकडे गेलं.

शुक्रवारी सकाळी टॅक्सी दारात, बॅगा टॅक्सीत, आणि अक्कांच्या दाराला कुलूप. मी फोन लावला तर त्या तुमकुरूला मुलीकडे पोचलेल्या. कन्नडमध्ये, अगदी शांतपणे त्यांनी मलाच विचारलं की तुम्ही खरंच निघालात की काय. इतक्या वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी आपलं जाणं रद्द धरलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? आई पायरीवर बसली. ते बसणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. तशी बसली की थोड्या वेळाने ती उठते, आत जाते आणि कुकर लावते. गाठोड्याशिवाय निघायचं नाही हा तर तुमचा नियम. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, गाठोडं नसलं तरी चालेल अशी मी देवाच्या वतीने वकिली करतेय, आणि ती त्या कुलपाकडे बघतेय. मग म्हणाली, "इतकी वर्षं प्रस्थान पुढे गेलं नि आपण मागे राहिलो. आज ते राहू दे. आपण जाऊया. सरी ना, चालेल ना?" आणि दुखरा गुडघा घेऊन ती माझ्या आधी टॅक्सीत जाऊन बसली.

फेरीबोटीवर सगळ्यांच्या बॅगांचा पुढे ढीग रचत होते. आईने तिची पिशवी दिली नाही, कारण तीत पुळियोगरे होतं, चिंचेचा भात. बाकावर एक अवाढव्य गोरा माणूस पाय पसरून बसला होता. त्याला ती म्हणाली, "स्वल्प सरका हो," आणि तो सरकला. किनारा मागे पडला तशी बोट हेलकावे खायला लागली. पोट मी तुमचंच घेतलंय, अण्णा. प्लास्टिकची पिशवी तोंडाशी धरून मी येलहंक्यातल्या एकूण एक देवाला हाक मारली. आई समोर बसून पुळियोगरे खात होती आणि रिकाम्या पोटी जास्त मळमळतं म्हणून मला घास पुढे करत होती. मध्येच तिचा हात थांबला. समोर पाण्यातून सरळ वर आलेले हिरवे डोंगर दिसत होते. तिचा चेहरा बघून मला रडू आलं, आणि ते मळमळीचं नव्हतं.

दुपारी ती लुगडं खोचून कडेच्या उथळ पाण्यात चक्क बसली. कमरेपर्यंत पाणी. मी काठावर छत्री घेऊन उभी, आणि माझ्या तोंडून तुम्ही बोलायला लागलात. पुढे जाऊ नको, लाट येईल, घसरशील, पुरे झालं आता. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "अण्णा असते तर मी इथवर आले नसते," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आज दूधवाला आला नाही, असं सांगावं तसं सांगितलं. तुमची बाजू घ्यायला मी तोंड उघडलं. तुमचा जीव होता आमच्यावर, म्हणून भीती होती, हे मला सांगायचं होतं. पण ती म्हणाली ते खरं होतं. मी छत्री मिटली आणि कपड्यांसकट तिच्याशेजारी जाऊन बसले.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता नाही ठेवत. मला तुमची आठवण येते, अजूनही रोज येते. त्या दुपारी मात्र, अण्णा, तुम्ही नाही आहात याचं मला बरं वाटलं.