ढब्बू उताणा पडला त्याची हकीकत

चि. मेहुणेबुवांस,

भावोजींचे पोतंभर आशीर्वाद. तुझी पाठ आणि तुझ्या सौभाग्यवतींची सर्दी आता ताळ्यावर आली असेल असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळे म्हणजे माणसं आणि मासे. त्यातल्या माशांच्या खुशालीपायी माणसांची काय तारांबळ उडाली ते तुला कळायलाच हवं, म्हणून दुकानात गिऱ्हाईक नाही ही संधी साधून लिहायला बसलोय. (एक आजोबा बसलेत समोर, पण ते चष्म्यासाठी आलेले नसून पंख्यासाठी आलेत.)

तुझ्या बाबांना विरंगुळा म्हणून गोल्डफिश पाठवतो असं तू फोनवर म्हणालास तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एखादी बरणी होती. प्रत्यक्षात जी काचेची पेटी आली ती दोघांनी उचलली होती आणि तिसरा पुढे चालत वाट मोकळी करत होता. ती मावावी म्हणून माझी आरामखुर्ची गॅलरीत गेली, आणि खुर्चीबरोबर मीही. माशांच्या दुकानातल्या बाई जातीने आल्या होत्या. (त्यांना नुसतं ‘मासेवाल्या बाई’ म्हटलेलं आवडत नाही. मी एकदा म्हणून पाहिलंय.) त्या म्हणाल्या, नवी पेटी काही आठवडे माशांशिवाय चालू ठेवायची असते, पाणी मुरावं लागतं, पण तुमच्या मेहुण्यांना सगळं एकदम हवं होतं. कुठेतरी पाणी मुरतंय असा संशय मला तुझ्या बाबतीत नेहमीच येतो, पण जिथे खरंच मुरायला हवं होतं तिथे तू ते मुरू दिलं नाहीस. असो.

बाबांची अवस्था तू गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पाहून गेलास तशीच होती. ज्या माणसाने जन्मभर तलावाच्या काठावर उभं राहून निम्म्या गावाला पोहायला शिकवलं, शिट्टी न वाजवता ज्याचा आवाज पार खोल पाण्याच्या टोकापर्यंत जायचा, तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. डॉक्टरांनी चाला म्हटलं तरी गप्प, आम्ही जेवायला बोलावलं तरी नुसती मान. तुझी ताई स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची. नळाच्या आवाजात मला ऐकू जात नाही अशी तिची समजूत आहे, आणि ती तशीच राहू दे. पेटी नेमकी त्याच भिंतीला लागली, कारण दुसरी भिंतच रिकामी नव्हती. तरी बरेच दिवस बाबा त्या पेटीतून आरपार भिंतच पाहत होते. मग एका सकाळी मी दारात चपला घालत असताना मागून आवाज आला, “हा जाडा डावीकडे कलतोय.” मी चटकन सरळ उभा राहिलो. ते माशाबद्दल बोलत होते हे कळायला मला जरा वेळ लागला, पण कळल्यावरही मी दुकानात पोचेपर्यंत सरळच चाललो.

त्या जाड्याचं नाव आमच्या कन्येने ‘ढब्बू’ ठेवलंय आणि दुसऱ्याचं ‘काडी’. बाबांचं म्हणणं, काडीची शेपूट शिस्तीत चालते, ढब्बू मात्र नुसता हातपाय झाडतो. (माशाला हातपाय नसतात हे मी म्हटलं नाही. किती महिन्यांनी माणूस बोलत होता!) आता या ढब्बूचा एक गुण सांगतो. कुणीही काचेजवळ गेलं की तो असा तोंड उघडमिट करत येतो, की जणू या घरात आपल्याला जन्मापासून कुणी घास दिलेला नाही. मी सकाळी दुकानात निघताना दया येऊन चिमूटभर टाकायचो. तुझी ताई बँकेतून आली की टाकायची. कन्या शाळेतून आली की. बाबा दुपारी. शेजारच्या काकू आमचं वर्तमानपत्र परत करायला आल्या की. प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच काय ते माणुसकीचे! बघता बघता पाणी तांदूळ धुतल्यासारखं झालं.

इथे मी शहाणपणा केला. चष्म्याची काच पुसण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे तू जाणतोस. रविवारी मी मासे बादलीत काढले, सगळं पाणी ओतलं, गोटे घासले, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून पिळून पिळून कोरा करकरीत केला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. पेटी अशी लखलखली की पाणी आहे की नाही ते बोट घालून पाहावं लागे. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्येची किंकाळी आली. काडी कोपऱ्यात दडून बसला होता आणि ढब्बू वर तरंगत होता. उताणा. पोट छताकडे, कल्ले कसेबसे हलतायत.

मी फोनकडे धावलो. बाईंनी माझा पराक्रम ऐकून घेतला आणि मग जे बोलल्या ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्याचा मथितार्थ असा: नळाच्या पाण्यातलं औषध माशांना बाधतं, त्या स्पंजात पाणी राखणारे उपकारी जिवाणू असतात, ते मी धुऊन गटारात सोडले होते, आणि ढब्बूचं पोट तर आमच्या माणुसकीने आधीच गच्च झालं होतं. खाणं बंद करा, नळाच्या औषधाचा असर घालवणारे थेंब माझ्याकडून नेऊन टाका, रोज थोडंसंच पाणी बदला, आणि दोन दिवसांनी उकडलेला मटार सोलून कणभर द्या. हे सगळं मी कागदावर उतरवून वळलो तर खुर्ची रिकामी. काठी खुर्चीला टेकलेली आणि बाबा पेटीशी उभे. बाही कोपरापर्यंत सारलेली, हात पाण्यात, आणि तळवा ढब्बूच्या खाली, न टेकवता, नुसता धरलेला. जसा ते पहिल्यांदा पाण्यात उतरलेल्या पोराच्या पोटाखाली धरत. “घाबरायचं नाही,” ते म्हणत होते. “अंग सैल सोड. मी आहे.” बाईंनी पाण्यात हात घालू नका असं बजावलं होतं. मी ते सांगितलं नाही. तुझी ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि या खेपेला तिने नळ सोडला नाही.

पुढचे दिवस या घरात एकच विषय होता. मी दुकानातलं भिंग आणून कल्ले तपासले. तुझ्या ताईने मटाराची सालं अशी हलक्या हाताने काढली, की लग्नानंतर माझ्यासाठी तिने संत्रंही कधी तसं सोललेलं नाही. ढब्बूने मटार आधी थुंकला, मग खाल्ला. आणि दुसऱ्या दिवशी, सगळे चहा घेत असताना, त्याच्या मागून एक लांबच लांब हिरवट दोरा निघाला. मेहुणेबुवा, आम्ही टाळ्या वाजवल्या! कन्येच्या निकालालासुद्धा आम्ही एवढ्या वाजवल्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत ढब्बू कुशीवर आला, मग सरळ झाला, आणि लगेच काचेशी येऊन तोंड उघडमिट करू लागला.

आता खाऊची डबी बाबांच्या खिशात असते. बादल्याही तेच भरतात. नळ ते पेटी, पेटी ते न्हाणीघर अशा त्यांच्या खेपा चालतात, आणि डॉक्टरांना वाटतंय की आपलं कुणीतरी ऐकलं. बोलतात म्हणशील, तर अखंड बोलतात. माझं चालणं, माझं घोरणं, माझं पोट, सगळ्यावर त्यांचं मत आहे. तेव्हा ठरल्याप्रमाणे तुझ्या घराचा रंग वाळला की त्यांना न्यायला ये. आमची काहीच हरकत नाही. माझी आरामखुर्चीही गॅलरीत उन्हाने विटायला लागलीय. मुलांना पापे.

तुझा,
भावोजी

ता. क. – एक अडचण लिहायची राहिली. ढब्बूला प्रवास झेपणार नाही असं दिसतं, आणि त्याला सोडून बाबा हलतील असं वाटत नाही. आमचा अगदी नाइलाज आहे.

पुन्हा ता. क. – तुझ्या ताईने वरचं वाचून थेट बाईंना फोन लावला. झाकणाच्या बादलीत मासे आरामात जातात म्हणे. तेव्हा आता सरळच लिहितो. इतक्यात त्यांना नेऊ नकोस. हल्ली मी दुकान लवकर बंद करतो. घरी गेल्यावर कुणीतरी चुका काढायला बसलेलं असलं की बरं वाटतं. तूच चार दिवस ये ना. गॅलरीत जागा आहे.

चि. बाळास,
पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. जावई अघळपघळ लिहितात, पण खोटं लिहीत नाहीत. मुलाच्या घरी जायचं की नाही हे मासे ठरवणार नाहीत आणि तुम्ही दोघंही नाही. मी येतोय. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, चालता येतं. हे पत्रही मीच कोपऱ्यापर्यंत जाऊन टपालपेटीत टाकतोय. तेवढं परतीचं तिकीट आत्ताच काढून ठेव.
– बाबा