वीस मैलांची गाडी

तुळजापूर,
९ मार्च १९६४

ती. दत्तोपंत दाजींस,
मार्तंडचा शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहेत. दादांनी शाळेतून रजा काढून माजघरालगतच्या खोलीला स्वतः चुना दिला. आईनं डिंक-खारीक आणून ठेवली, बाजेला नवं सुंभ विणून घेतलं. त्यानंतर तुमच्या मातोश्रींचा निरोप आला, की ताईला प्रवास सोसत नाही, पहिलं बाळंतपण धाराशिवलाच होईल. आईनं बाज भिंतीला उभी करून ठेवली.

माझ्या विजेवरच्या गाडीचं म्हणाल तर ती आता मागच्या अंगणात असते. लष्कराच्या लिलावातली मोटर, ट्रकच्या बॅटऱ्या आणि जेमतेम दोघांपुरती जागा. रात्रभर चार्ज केली की वीस मैल जाते, आणि आपलं अंतर चौदा मैलांचं. तुमची गाडी एका टाकीत सोलापूर करून परत येते, हे मला ठाऊक होतं. तरी तुमच्या पंगतीत मी म्हणालो होतो, की पेट्रोलची गाडी म्हणजे दारातली म्हैस, सारखं खायला घाला. तुम्ही हसून सोडून दिलंत.

हे सगळं लिहीत बसलोय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

मी ताईला न्यायला आलो तेव्हा गाडी रात्रभर तुमच्याकडंच चार्ज केली आणि निघायच्या सकाळी बॅटऱ्या भरलेल्या होत्या. तुम्ही कोर्टात गेलात आणि गल्ली गाडीभोवती जमली. शेजारचे शरणप्पा म्हणाले, "एक फेरी होऊन जाऊ द्या की, मार्तंडराव." त्यांना फिरवून आणलं. मग दुसरे, मग तिसरे. लोक वाहवा करत होते आणि मी फुगत होतो. ताई पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर थांबली होती. काटा खाली आलेला मला दिसला. तुम्ही जाताना तुमच्या गाडीची चावी माझ्या हातात दिली होती. ती मी मातोश्रींना परत केली आणि म्हणालो, हिच्यातच जातो.

अर्धा रस्ताही झाला नाही. गाडी हळू होत होत थांबली. सातव्या महिन्यातली ताई माझ्याबरोबर भर उन्हात चालली. पुढं लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याची बैलगाडी भेटली, धाराशिवच्या बाजाराला निघालेली. त्यानं विचारलं, "पिट्रोल सपलं व्हय?" मी ऐटीत म्हणालो, हिला पेट्रोल लागत नाही. तो म्हणाला, "मग का थांबली?" ताई हसली. मला हसू आलं नाही.

त्याच्याच बैलगाडीतून तुमच्या दारात परत पोचलो तेव्हा सकाळचीच मंडळी ओट्यावर होती. मातोश्रींनी विचारलं, "अगं बाई, परत कसे आलात?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताईला भोवळ आली, म्हणून गाडी वाटेत ठेवून बैलगाडीनं फिरलो. गाडी ठीक आहे."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. मग पदर सावरून म्हणाली, "हो, जरा गरगरलं."

दाजी, तिला काहीही झालं नव्हतं. वाटभर तीच माझी समजूत घालत होती. आता ऐकतो, की तिला बाजेवरून उठू देत नाहीत आणि मातोश्री आल्यागेल्याला सांगतात, नाजूक पोर पदरात पडली. दुसऱ्या दिवशी बैल जुंपून गाडी आणली तेव्हा सगळं तुळजापूर हसलं. ती लाज मी विसरेन. माझ्या फुशारकीपायी धडधाकट बहिणीला आजारी ठरवलं, ही लाज विसरणार नाही.

तुमच्या गाडीतून तिला माहेरी पोचवा, एवढं मागतो. त्याआधी हे पत्र मातोश्रींना चारचौघांत मोठ्यानं वाचून दाखवा. खरं तर मीच येऊन सांगायला हवं होतं. पण मी समोर दिसलो तर ताई पुन्हा म्हणेल, की तिला गरगरलंच होतं.

तिला न शोभणारा भाऊ,
मार्तंड